थर्माकोलचं जेरुसलेम

बिशान, सिंगापूर
७ जुलै २०२५

प्रिय शैला,

तुझी नात पत्राचे फोटो काढून पाठवते म्हणून बरं, नाहीतर तुझं अक्षर बघायला मी पुढच्या जन्मापर्यंत ताटकळले असते. मी मात्र आता टाइप करते. एका बोटाने, पण करते. सून म्हणते, आई, नुसतं बोललं तरी टाइप होतं. मी म्हटलं, बोलून टाइप केलं तर मी काय लिहिते ते घरभर कळेल.

बातमी अशी की तुझी मैत्रीण देखावा समितीची प्रमुख झाली आहे. हसू नकोस. इथल्या आमच्या मराठी मित्रमंडळात अकरा वर्षं माझं काम एकच, प्रसाद. कुणाचे मोदक फुटले, कुणाचे चिकटले, सगळ्याचं खापर माझ्यावर. यंदा सभेत प्रबोधनी विचारलं, देखाव्याचं कोण बघेल? हे आमचे अध्यक्ष. तांजोंग पगारला बँकेत मोठे साहेब आहेत, घरी चहा मागतानासुद्धा 'पुढची स्लाइड' म्हणत असतील. त्यांनी विचारल्याबरोबर सगळ्यांनी माना मोबाइलमध्ये घातल्या. मी एकटीच समोर बघत होते. झालं!

विषय ठरलाय विश्वशांती, आणि त्यात इस्रायल आणि पॅलेस्टाइन. गेल्या वर्षी आम्ही चांद्रयान केलं, स्पर्धेत दुसरा नंबर आला. प्रबोध म्हणाले, यंदा काहीतरी धगधगतं पाहिजे. मग त्यांनी विचारलं, तिथलं कुणी कुणाच्या ओळखीचं आहे का? मी हात वर केला. म्हटलं, माझी बालमैत्रीण आहे, अलिबागच्या शाळेत एका बाकावर बसायचो, बेने इस्रायली, म्हणजे कोकणातली ज्यू, एकोणसत्तर साली तिकडे गेली ती गेलीच. सगळ्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. शैला, खरं सांगू? अकरा वर्षांत पहिल्यांदा कुणी वळून बघितलं गं.

तर आता तू मला मदत करायचीस. जेरुसलेम आम्ही थर्माकोलचं करतोय. त्या दोघांच्या मध्ये बांधलेली भिंत असते ना, ती किती उंच करायची? रंग कुठला? आणि देखाव्याला मागून आवाज असतो, 'मी जेरुसलेम बोलतेय' असा. त्यासाठी सगळा इतिहास सोपा करून लिहून पाठव. चार मिनिटांत बसला पाहिजे, पुढे आरती असते.

तुमच्याकडे गेल्या महिन्यात क्षेपणास्त्रं पडली ना? काळजी वाटली. सांभाळून राहा.

तुझी,
अरू

ता. क. तू निघालीस तेव्हा माझ्या आईने दिलेला स्टीलचा डबा अजून आहे का गं? आई शेवटपर्यंत विचारायची.


लोद, इस्रायल
१५ जुलै २०२५

प्रिय अरू,

देखावा समितीच्या प्रमुखांना माझा नमस्कार. शाळेच्या गॅदरिंगमध्ये तू झाड झाली होतीस आणि मध्येच बोलायला लागली होतीस, ते आठवलं. तेव्हाच कळायला हवं होतं.

भिंत काही ठिकाणी आठ मीटर आहे आणि काही ठिकाणी नुसतं तारेचं कुंपण. तुमच्या हॉलचं छत बघून घ्या. माझ्या घरातून ती दिसत नाही. माझ्यासाठी भिंत म्हणजे माझ्या आणि शेजारच्या नजवाच्या स्वयंपाकघरामधली. वीतभर जाडीची आहे, पलीकडे फोडणी पडली की मला शिंक येते.

इतिहास सोपा करून सांग म्हणतेस. अगं, सोपा करून सांगणाऱ्यांनीच तर इथे सगळ्यांचं वाटोळं केलंय. मला फक्त आमच्या जिन्याचा इतिहास माहीत आहे, तो घे. अठ्ठेचाळीसच्या जुलैत या गावातल्या बहुतेक अरबांना बाहेर काढलं. नजवाचा बाप रेल्वेत होता. आगगाड्या चालवायला माणसं लागतात, म्हणून त्याला राहू दिलं. अंगणात लिंबाचं झाड आहे ते त्याने लावलेलं, आमच्या इमारतीच्या आधीचं. मग इमारत झाली. मोरोक्कोहून माणसं आली, बल्गेरियाहून आली, आणि अलिबागहून आम्ही आलो. माझा काका आमच्या आधी आला होता, तर त्याच्या लग्नाच्या वेळी त्याची पणजी खरी ज्यू होती का, याचीच चौकशी लागली. दोन हजार वर्षं आम्ही शनिवारी घाणा बंद ठेवला, गावाने आम्हाला शनवार तेली म्हटलं, आणि इथे येऊन पुरावा द्या! नजवाला मी हे सांगितलं तेव्हा ती पोट धरून हसली. म्हणाली, मला निदान पुरावा तरी विचारत नाहीत, नुसतंच जा म्हणतात.

डब्याचं विचारलंस. आहे. म्हणजे, माझ्याकडे नाही.

नजवा तळमजल्यावर शेजारी राहायला आली त्याला चौतीस वर्षं झाली. सणाला चिकाचा हलवा केला की मी तुझ्या आईच्या डब्यातून तिला द्यायची. रिकामं भांडं परत करू नये, हे तिला मी शिकवलं नाही, तिला माहीतच होतं. पण माझ्या खाण्यापिण्याचे नियम मोडू नयेत म्हणून ती कधी शिजवलेलं पाठवायची नाही. लिंबं, खजूर, बदाम. डब्यावर 'चि. शैलास सप्रेम, अलिबाग, १९६९' असं कोरलंय, ते तिची मुलं बोटाने गिरवायची. एकवीसच्या मे महिन्यातल्या ज्यू-अरब दंगलीत आमच्या गल्लीत गाड्या जळल्या, माणसं मेली. तिसऱ्या दिवशी डबा आला, लिंबं होती.

तेवीस साली सहा ऑक्टोबरला, शुक्रवारी, सणाचा शेवट म्हणून मी हलवा पाठवला. दुसऱ्या दिवशी काय झालं ते तुला माहीत आहे. माझ्या पुतणीच्या ऑफिसमधल्या दोघी जणी त्या दिवशी मारल्या गेल्या. आठवड्याभरात माझा नातू एतान लष्करात गेला आणि तिकडून गाझावर बाँब पडायला लागले. नजवाची सख्खी बहीण गाझाला दिलेली आहे. आता सांग, मी तिला काय म्हणायचं, आणि तिने मला?

तेव्हापासून डबा तिच्याकडे आहे. परवाच्या जूनमध्ये भोंगे वाजत होते, तेव्हा बारा दिवस आम्ही दोघी तळघरात एकाच बाकावर बसायचो. गुडघ्याला गुडघा लागत होता. एक शब्द बोललो नाही. मी रोज वाट बघते गं त्या डब्याची. लोकांना वेड्यासारखं वाटेल, पण डबा आला तर ती अजून माझी आहे, एवढंच मला कळतं.

हे तुमच्या चार मिनिटांत बसणार नाही. तू आपली चांद्रयान कर.

शैला


बिशान
२७ जुलै

प्रिय शैला,

तुझं पत्र दोनदा वाचलं. नजवाचं पुढे काय झालं ते कळव. आईने तो डबा दादरहून आणवला होता, तुला माहीत नसेल.

इकडे माझं डोकं फिरायची वेळ आली आहे. जेरुसलेमला कुठल्या सालापासून बोलायला लावायचं यावर चार सभा झाल्या. प्रबोध म्हणाले, तीन हजार वर्षांपूर्वीपासून. नीलिमा म्हणाली, छे, अठ्ठेचाळीसपासून. ही नीलिमा चार्टर्ड अकाउंटंट आहे, तिने आयुष्यात कुणाला चूक केल्यावर सोडलेलं नाही. मागून कुणीतरी 'एकोणीसशे सतरा!' ओरडलं, पण का ते त्यालाच सांगता येईना. शेवटी प्रबोधनी मध्यम मार्ग काढला. तीन हजार वर्षांपूर्वीचं साल आणि अठ्ठेचाळीस, यांची चक्क सरासरी काढली! ती आली इसवी सन चारशे सत्त्याऐंशी. त्या वर्षी तिथे काय झालं हे कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे कुणाचाच आक्षेप नव्हता. एकमताने मंजूर. आता त्या सालाबद्दल लिहायचं काय, हा प्रश्न माझ्या गळ्यात.

त्यात श्रीनिवास. वन-नॉर्थला आयटीत आहे, इथे कायम राहता यावं म्हणून पीआरचा अर्ज टाकलाय, म्हणून शिंकतानासुद्धा दोन्हीकडे बघतो. तो म्हणाला, परदेशी झेंडे इथे परवानगीशिवाय लावता येत नाहीत. खरंच आहे ते. म्हणून दोन्ही झेंडे पांढरे करायचं ठरलं. लावून बघितले, तर दोन्ही बाजू शरण आल्यासारख्या दिसायला लागल्या. मग नकाशा. सीमा दाखवल्या तर कुणीतरी दुखावेल, म्हणून सीमा नसलेला नकाशा काढला. तो नुसता चौकोनी कागद झाला. त्याला नकाशा म्हणावं असा ठराव मी स्वतः लिहिला.

थर्माकोल म्हणून आम्ही वेट मार्केटमधल्या मासेवाल्या अंकलकडून रिकामे खोके आणले. तीनदा धुतले, तरी जेरुसलेमला पापलेटचा वास येतोय. भिंत उभी केली तर नात जाई बघायला आली आणि म्हणाली, "आजी, धिस इज नॉट जेरुसलेम, धिस इज आवर ब्लॉक लाह!" खिडक्या तेवढ्या काढायच्या राहिल्या होत्या.

आणि बाप्पा कुठे बसवायचे? भिंतीच्या या बाजूला बसवले तर यांचे होतात, त्या बाजूला बसवले तर त्यांचे. दोन तास! शेवटी भिंत मधोमध कापून बाप्पांना फटीत बसवायचं ठरलं.

आता तर दोन वेगळे व्हॉट्सॲप ग्रुप झालेत. एकावर इस्रायलमध्ये शेतीला थेंबथेंब पाणी कसं देतात त्याचे व्हिडिओ, दुसऱ्यावर गाझातल्या रडणाऱ्या मुलांचे. दोन्हीत मी आहे. आणि दोन्हीकडे मला खासगीत विचारतात, तुमची मैत्रीण आपल्या बाजूची आहे ना हो? मी दोन्हीकडे हात जोडलेलं चित्र पाठवते.

काहीतरी सुचव. देखावा पडला तर पुढच्या वर्षी पुन्हा मोदक.

अरू


लोद
५ ऑगस्ट

प्रिय अरू,

चारशे सत्त्याऐंशी वाचून मी इतकी हसले की ठसका लागला. आमच्याकडच्या पुढाऱ्यांना पाठव तो ठराव, त्यांनाही एखादं साल सापडेल.

नजवाचं विचारलंस म्हणून लिहिते. आणि हे फक्त तुला.

तिची बहीण हुदा देर अल-बलाहला होती. लोदहून ते अंतर किती, तर जेमतेम आपल्या अलिबाग-पनवेलएवढं. ऐंशीच्या साली ती लग्न करून गेली तेव्हा लोक सकाळी जाऊन दुपारच्या जेवणाला परत यायचे. गेल्या वर्षीच्या मे महिन्यापासून तिचा फोन लागत नाही. हे नजवाने मला सांगितलेलं नाही. तिने कुणालाच सांगितलेलं नाही, मुलांनासुद्धा नाही. मला भिंतीतून कळलं. रोज सकाळी नऊ वाजता ती नंबर लावते, स्पीकरवर. पलीकडची बाई अरबीत सांगते, संपर्क होऊ शकत नाही. मग नजवा नळ सोडते, जोरात. नळाच्या आवाजात ती काय करते ते मला माहीत आहे, कारण एतानचा फोन आला नाही की मीही तेच करते.

हुदा आहे की नाही, कुणाला ठाऊक नाही. नजवा मुलांना सांगते, मावशीशी कालच बोलले, बरी आहे. तिने असं धरून ठेवलंय, आणि मीही भिंतीच्या अलीकडून धरून ठेवलंय. कुणाजवळ बोलू नकोस, अरू. तुझ्या पोटात काही राहत नाही हे मी शाळेपासून जाणते, म्हणून दोनदा लिहिते. कुणाजवळ बोलू नकोस.

शैला


बिशान
३१ ऑगस्ट

प्रिय, प्रिय शैला,

पहिला नंबर! काल रात्रीपासून फोन थांबलेला नाही. परीक्षकांनी शेरा दिला, 'वास्तवदर्शी'. प्रबोधनी माझ्या हातात करंडक दिला आणि म्हणाले, अरुणाताई, पुढची दहा वर्षं देखावा तुमच्याकडेच. मोदक आता मंडळातली स्मिता बघणार.

आधी सगळं ऐक, मग रागाव. दहा तारखेच्या सभेत चारशे सत्त्याऐंशीसुद्धा कोसळलं. नीलिमाने शोधून काढलं की त्याच्या आसपासच तिथे कुणीतरी कुणालातरी मारलं होतं. सगळे पुन्हा भांडायला लागले. बायका उठून चालल्या, प्रबोध म्हणाले, देखावाच रद्द करू. तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, इतिहास जाऊ दे, माझ्याकडे दोन शेजारणींची खरी गोष्ट आहे. आणि मी डब्याची गोष्ट सांगितली. शैला, उठून चाललेल्या बायका परत येऊन खाली बसल्या. तुझी पत्रं मी कुणाला दाखवली नाहीत हो. नुसती सांगितली.

नावंही बदलली. नजवाचं नजमा केलं आणि तुझं शीला. लोद तेवढं लोदच ठेवलं, म्हणजे खरं वाटावं. स्मिताने इतका सुंदर आवाज दिलाय, मागे तानपुरा. भिंतीत मधोमध बाप्पा, दोन बाजूंना दोन दारं, आणि डबा मोटारीवर इकडून तिकडे जातो. श्रीनिवासने केलं ते. कोरलेली अक्षरंसुद्धा घातली.

फक्त एक किरकोळ बदल करावा लागला. बहिणीचा पत्ता लागत नाही, इथे गोष्ट नुसती लोंबकळत होती. प्रबोध म्हणाले, लोकांना आरतीला उठायचं असतं, त्यांना शेवट पाहिजे. नीलिमा म्हणाली, बहीण बाँबमध्ये गेली असं करा, त्याशिवाय आत पोचणार नाही. प्रबोध म्हणाले, मान्य. त्या चारशे सत्त्याऐंशीनंतर पहिल्यांदाच दोघांचं कशावर तरी एकमत झालं! म्हणून मीही मान्य केलं. शेवटी डबा लाडवांनी भरून परत येतो आणि वरून पांढरं कबुतर उतरतं. लोक ढसाढसा रडले. प्रबोध स्वतः रडले.

व्हिडिओ सगळीकडे फिरतोय. तुझ्या नातीला पाठवलाय, बघ. तुला अभिमान वाटेल.

अरू


लोद
९ सप्टेंबर

अरुणा,

व्हिडिओ बघायला मला तुझी गरज पडली नाही. तो आधीच लोदच्या मराठी बायकांच्या ग्रुपवर आला होता. वरच्या मजल्यावरचा मोशे पेणकर, मराठी तेवढी समजते त्याला, तो कौतुकाने औषधांच्या दुकानात घेऊन गेला. सिंगापूरमध्ये आपलं लोद दाखवलंय म्हणून. काउंटरवर नजवाची मुलगी असते. त्याने तिला हिब्रूत अर्थ सांगितला. नजमा काय आणि नजवा काय. डबा तर तिने लहानपणी गिरवलेला.

दुपारी माझ्या दारावर थाप पडली. दोन वर्षांनी नजवा माझ्या दारात उभी होती. तिने आत येऊन एकच विचारलं, "तुला एतानने सांगितलं?"

मला आधी कळेचना. मग कळलं. माझा नातू तिथे आहे. म्हणून माझ्यापर्यंत खबर आली असणार, असं तिला वाटलं. तिच्या बहिणीला कुणी मारलं, कुठे मारलं, ते माझ्या घरात माहीत आहे आणि मी लपवून ठेवलं, असं तिला वाटलं. मी म्हटलं, नाही गं, नाही, हुदाचं काहीच कळलेलं नाही, ते खोटं आहे. ती म्हणाली, खोटं? कुणी सांगितलं मग?

आता तू सांग अरुणा, मी काय सांगायला हवं होतं? सिंगापुरात एका हॉलमध्ये माशांच्या खोक्यांचं जेरुसलेम केलं होतं, तिथे लोकांना आरतीला उठायचं होतं, म्हणून तुझी बहीण मेली? मी सांगितलं. हिब्रूत सांगितलं, तर आणखीच वेड्यासारखं वाटलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "पण फोन लागत नाही हे तुला कसं माहीत?" मी भिंतीकडे बोट दाखवलं. आणि हे सगळं तिच्या मागोमाग येऊन दारात उभ्या राहिलेल्या मुलीने ऐकलं. आईने सव्वा वर्ष जे लपवलं होतं, ते तिला त्या क्षणी कळलं.

त्यांच्या अंगणात दोन दिवस दुखवट्याला मांडतात तशा खुर्च्या मांडल्या होत्या. लोक येऊन बसत होते. कशासाठी बसायचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण बसत होते. नऊ वाजताचा फोन आता बंद झालाय.

काल सकाळी डबा परत आला. दारात ठेवला होता. घासून लख्ख केलेला, झाकण घट्ट लावलेला. मी उघडला. रिकामा.

चौतीस वर्षांत पहिल्यांदा.

तुझी माझी ओळख साठ वर्षांची. तू एक किरकोळ बदल केलास. मला आता काही लिहू नकोस.

शैला झिराडकर


बिशान
१४ सप्टेंबर

शैला,

लिहू नकोस म्हणालीस, तरी लिहिते. वाचू नकोस.

मी सगळं मंडळाला सांगितलं. प्रबोधनी तातडीची सभा बोलावली आणि खेद व्यक्त करायचं ठरलं. दीड तास मसुदा चालला. नीलिमा म्हणाली, आपला हेतू चांगला होता हे पहिल्या वाक्यात पाहिजे. प्रबोध म्हणाले, हेतू दुसऱ्या वाक्यात घेऊ, पहिल्यात करंडकाचा उल्लेख हवा. श्रीनिवास म्हणाला, कुठल्याही देशाचं, गावाचं, माणसाचं नाव नको. शेवटी ठराव असा झाला: 'एका ठिकाणच्या एका व्यक्तीविषयीच्या एका तपशिलामुळे कुणाच्या भावना दुखावल्या असल्यास मंडळास खेद वाटतो.' टाळ्या वाजल्या. मग चहा झाला.

व्हिडिओ मी काढायला लावला. जिथे जिथे गेला होता तिथून निघाला नसेल, मला माहीत आहे. काल समारोपाचं जेवण होतं. चाळीस-पन्नास माणसं होती. मी उभी राहिले आणि म्हटलं, ती बहीण मेली हे मी खोटं सांगितलं. मला वळून बघितलेलं हवं होतं, म्हणून मैत्रिणीचं गुपित विकलं. खाली बसले तर शेजारची बाई माझा हात दाबून म्हणाली, किती मनापासून बोललात हो, हे रेकॉर्ड करायला हवं होतं.

करंडक मी घरात ठेवला नाही. माझ्या मुलाने, तन्मयने विचारलं, आई, कुठे गेला? मी म्हटलं, प्रबोधना परत दिला. प्रबोध म्हणाले, जरूर, माझ्या ऑफिसात शोभून दिसेल.

आई असती तर तिने मला घराबाहेर काढलं असतं. तिने तो डबा तुला का दिला माहीत आहे? ती म्हणाली होती, पोर परक्या मुलखात चालली, शेजारी काहीतरी द्यायला हाताशी भांडं हवं. मी शेजार तोडला गं.

क्षमा मागत नाही. मागायचं तोंड नाही.

अरू


लोद
२६ सप्टेंबर

अरू,

वाचणार नव्हते, वाचलं. चाळीस माणसांसमोर उभी राहिलीस, ते बरं केलंस. राग गेलेला नाही. तो राहील. म्हाताऱ्या माणसाला जपायला काहीतरी लागतंच.

परवा आमचं नवीन वर्ष झालं. हलवा करायचा नाही असं ठरवलं होतं. मग पहाटेच उठले, गव्हाचा चीक काढला, नारळाचं दूध काढलं. हात दुखतात आता. तासभर ढवळत उभी होते आणि सगळा वेळ तुला शिव्या देत होते. चांगला झाला हलवा. वड्या पाडून तुझ्या आईच्या डब्यात भरल्या आणि नजवाच्या दारात ठेवून आले. बेल वाजवली नाही. काय बोलणार होते?

संध्याकाळी बघितलं तर डबा दारात नव्हता. आत गेला की गल्लीच्या कचऱ्यात, ते मला माहीत नाही. हुदाचंही अजून काही कळलेलं नाही. एतान घरी आलेला नाही.

काल सकाळी नऊच्या सुमाराला भिंतीपलीकडे झाकण वाजल्यासारखं वाटलं. स्टीलच्या झाकणाचा आवाज मी ओळखते. पण नळही चालू होता, आणि माझे कान बहात्तर वर्षांचे आहेत. तेव्हा ऐकलं असं मी म्हणणार नाही. वाटलं, एवढंच.

तू विचारशील, मग काय झालं? तर एवढंच झालं. पुढचं मी मनाने जोडणार नाही, आणि तूही जोडू नकोस. कुणाला सांगायचंच झालं तर डबा दारात नव्हता एवढंच सांग, आणि गप्प बस.

जमेल का?

शैला